गाणे दिसण्यापूर्वी

गाणे ऐकायचे की पाहायचे, हा वाद आता जुना झाला. ज्या घरात रेडिओवर भावगीत लागले की जेवणाच्या पंगतीतले बोलणे थांबत असे, त्याच घरातली नातवंडे आज हातातल्या फोनवर गाणे 'बघतात'. आणि आजोबाही चष्मा पुसून त्यांच्या खांद्यावरून डोकावतात. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एम. टी. व्ही. ही वाहिनी सुरू झाली. तिने पहिलेच जे गाणे दाखवले, त्याच्या नावात दृश्याने रेडिओच्या ताऱ्याचा जीव घेतल्याची वार्ता होती. गंमत अशी की, त्या गाण्याचे चित्रण त्यापूर्वी दोन वर्षे, १९७९ साली, झालेले होते. म्हणजे खून आधी झाला आणि दवंडी मागून पिटली गेली!

परंतु रेडिओ काही मेला नाही, आणि गाणे दिसू लागले म्हणून ऐकू यायचे थांबले असेही झाले नाही. तेव्हा तो वाद सोडून देऊ. मला आज बोलायचे आहे ते गाणे दिसू लागण्यापूर्वी जे घडते त्याविषयी. ज्याला सर्वत्र 'म्युझिक व्हिडिओ' म्हणतात, त्याला या लेखापुरते आपण गीतपट म्हणू. तीन-चार मिनिटांचा हा गीतपट करण्यापूर्वी काय वाचावे, काय पाहावे, काय ठरवावे आणि काय ठरवू नये? विशेषतः तो करणारा सतरा वर्षांचा विद्यार्थी असेल, खिशात पैसे नसतील आणि हातात एखादा साधा कॅमेरा असेल, तर? कादंबऱ्यांची समीक्षा होते, नाटकांची होते. विद्यार्थ्यांच्या तयारीच्या वहीची समीक्षा कशाला, असे कोणी विचारील. पण कवीच्या कवितेपेक्षा त्याच्या खोडाखोडीच्या कागदावर कधी कधी अधिक शिकायला मिळते, हे आपल्याला ठाऊक आहे. शिवाय पिकाची पारख करायची तर पेरणीच्या वेळी शेतात जावे लागते. मळणीनंतर फक्त भाव करता येतो.

या तयारीला परीक्षेत रीतसर स्थान देण्याचा प्रयोग इंग्लंडमध्ये झाला. तिथे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत 'मीडिया स्टडीज' हा विषय घेता येतो. 'ओ. सी. आर.' या परीक्षामंडळाचा जो अभ्यासक्रम २००८ पासून शिकवला जाऊ लागला आणि पुढे दहाएक वर्षांनी नव्याला जागा देऊन निवृत्त झाला, त्यात अखेरच्या वर्षी विद्यार्थ्यांना एक मोठे काम असे. त्या कामासाठी अनेक मुले गीतपट निवडत. सोबत त्या गाण्याच्या तबकडीचे वेष्टन आणि नियतकालिकातली जाहिरात हीही करायची. गुण शंभर. त्यांपैकी प्रत्यक्ष निर्मितीला साठ, मागाहून केलेल्या परीक्षणाला वीस, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे संशोधन व आखणी यांना वीस. कलेच्या परीक्षेत विचाराला स्वतंत्र गुण द्यावेत, ही कल्पना मला मनापासून आवडते. आपल्याकडे चित्रकलेच्या परीक्षेत मुलाने काय काढले एवढेच पाहतात. काढण्यापूर्वी तो काय पाहत होता, हे कोणी विचारीत नाही.

आता या वीस गुणांसाठी वहीत काय काय भरायचे ते पाहा. त्याच जातीच्या दुसऱ्या गाण्यांचे तीन-चार गीतपट शॉट-शॉट सोडवून पाहायचे. प्रेक्षक कोण हे ठरवून त्याला प्रश्नावली द्यायची. गाणे वापरण्याची परवानगी मागणारे पत्र ध्वनिमुद्रण कंपनीला लिहायचे. चित्रणाच्या जागा हिंडून पाहायच्या, तिथे कोणी पाय घसरून पडेल काय, वाहनांची ये-जा किती, याची नोंद करायची. कपडे, रंग, केशभूषा यांची कात्रणे चिकटवायची. मग स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रत्येक शॉटचे छोटे रेखाचित्र. आणि ती रेखाचित्रे गाण्याबरोबर एकामागून एक सरकवून केलेला कच्चा आराखडा. शेवटी कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणी कुठे यायचे याचा तक्ता. यादी लांबलचक आहे, पण निरुपयोगी नाही. परवानगीच्या पत्राला उत्तर येवो न येवो, ते लिहिताना मुलाला प्रथमच कळते की, ज्या गाण्यावर आपण इतके प्रेम करतो ते कोणाच्या तरी मालकीचे आहे. हा धडा अर्थशास्त्राच्या पुस्तकातून इतक्या चटकन शिकवता येत नाही.

या सगळ्यात मला खटकते ती प्रश्नावली. "तुम्हाला गीतपटात कथा आवडते की गाणारे दिसलेले आवडतात?" असा प्रश्न दहा वर्गमित्रांना विचारायचा, सहा जण कथा म्हणतात म्हणून कथा घ्यायची, आणि वर एक रंगीत वर्तुळ काढून त्याचे भाग पाडायचे! वर्तुळ देखणे दिसते, यात शंका नाही. पण प्रेक्षकाला जे अजून दिसलेच नाही ते त्याला आवडेल काय, हे तो कसे सांगणार? स्वयंपाक करणारी गृहिणी पाहुण्यांना तिखट चालते का एवढे विचारते. आमटीत काय घालू हे विचारीत नाही. प्रेक्षकाची माहिती हवी, पण ती मर्यादा कळण्यासाठी. कल्पना उसनी घेण्यासाठी नव्हे. ज्या वहीत ही वर्तुळे फार, तिच्यात पुढे पाहण्यासारखे थोडेच असायचे.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. १९९२ साली अँड्र्यू गुडविन यांनी 'डान्सिंग इन द डिस्ट्रॅक्शन फॅक्टरी' या नावाचा ग्रंथ लिहिला. त्या काळी गीतपटांवर लिहिणारे पंडित बहुधा आवाज बंद करूनच ते पाहत असावेत, असे वाटावे इतके दृश्याविषयीच बोलत. गुडविन यांनी त्यांना आठवण करून दिली की, हे मुळात गाणे आहे. त्याची लय, त्याचे स्वर, त्याची पुनरावृत्ती यांच्यापासून सुरुवात करा. संगीत ऐकताना आपल्या मनात आपोआप जी चित्रे उमटतात, त्यांचाही त्यांनी विचार केला. शब्द आणि दृश्य यांचे तीन प्रकारचे नाते त्यांनी सांगितले: दृश्य शब्दांचे चित्रण करते, शब्दांत भर घालते, किंवा शब्दांशी फारकत घेते.

या ग्रंथाचे पुढे शाळांतून काय झाले? त्याची पाच-सहा कलमांची एक यादी झाली. गाण्याच्या जातीची लक्षणे दाखवा. शब्द आणि दृश्य जुळवा. संगीत आणि दृश्य जुळवा. गायकाचे चेहरे जवळून घ्या. 'पाहणे' या क्रियेचा कुठे तरी खेळ करा. दुसऱ्या एखाद्या चित्रपटाचा संदर्भ पेरा. ही कलमे घेऊन मुले एकेका गीतपटाला खुणा करीत बसत, आणि मग त्याच खुणा आपल्या गीतपटात उतरवत. वर्णन करणाऱ्याचा असा आज्ञाकर्ता व्हावा, हे ग्रंथकारांचे नेहमीचेच दुर्दैव. आपल्याकडे रससिद्धान्ताचे असेच झाले होते. काव्य वाचून सुचलेला विचार पुढे काव्य पाडण्याचा साचा झाला.

तरीही गुडविन यांचे ते तीन प्रकार मला मोठे बोलके वाटतात, आणि त्याचे कारण मराठी आहे. बा. सी. मर्ढेकरांचे 'सौंदर्य आणि साहित्य' १९५५ साली आले. कलाकृतीतले घटक एकमेकांशी कसे बांधले जातात याचा विचार करताना मर्ढेकरांनी संवादलय, विरोधलय आणि समतोललय अशी लयतत्त्वे मांडली. मर्ढेकरांच्या समोर गीतपट नव्हता आणि गुडविन यांच्या ग्रंथाशी त्यांचा काही संबंध नाही. तरी दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत. शब्दांत पाऊस आला की पडद्यावर पाऊस, हा संवाद. शब्द हसरे आणि चित्र उदास, हा विरोध. तिसरे मात्र जुळत नाही, आणि ते ओढूनताणून जुळवूही नये. शब्दांत नाही ते दृश्याने आणणे म्हणजे समतोल नव्हे. पण मर्ढेकरांचा विद्यार्थी इथे एक प्रश्न विचारील, जो त्या कलमांच्या यादीत नाही: एखाद्या ओळीपुरते नाते काय आहे हे ठीक, पण साऱ्या गाण्याचा तोल कुठे आहे? पहिल्या कडव्यात संवाद, दुसऱ्यात विरोध, मग ध्रुवपद परत आले तेव्हा काय? तेच शब्द, तीच चाल. चित्रही तेच दाखवायचे की मधल्या कडव्याने ते बदलले आहे? माझ्या मते गीतपटाच्या आखणीतला खरा पेच हाच आहे. ध्रुवपद तीनदा येते आणि प्रत्येक वेळी ते ऐकणारा थोडा वेगळा झालेला असतो.

हा पेच आपल्या कीर्तनकारांना फार पूर्वीपासून माहीत आहे. हरिदासबुवा अभंगाचे चरण घेतात, पूर्वरंगात त्याचे निरूपण करतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात. आख्यानातली कथा अभंगात नसते. अभंगातला प्रत्येक शब्द ते अभिनयाने करून दाखवू लागले, तर श्रोते जांभया देतील. ते अशी कथा निवडतात की, ती सांगून झाल्यावर तेच चरण पुन्हा म्हटले की त्यांचा अर्थ गळ्यापाशी येतो. शब्दांत भर घालणे म्हणतात ते याला. ज्या मुलाने एक चांगले कीर्तन ऐकले आहे, त्याला हा प्रकार निराळा शिकवावा लागू नये.

मग संशोधन कशाचे करायचे? माझ्या मते दोन गोष्टींचे: आपल्याला दिसलेले चित्र याआधी कुणाला, कसे दिसले होते याचे, आणि खुद्द गाण्याचे. पहिल्याचे एक सुंदर उदाहरण देतो. १९७५ साली 'क्वीन' या वाद्यवृंदाने 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' या गाण्याचे चित्रण केले. दिग्दर्शक ब्रूस गॉवर्स; लंडनजवळच्या एल्स्ट्री येथे सुमारे चार तासांत काम उरकले. त्यातले काळोखातून उजळलेले चार चेहरे सगळ्यांच्या लक्षात राहिले. पण ते चेहरे त्या दिवशी सुचलेले नव्हते. १९७४ च्या त्यांच्याच एका तबकडीच्या वेष्टनावर ते तसेच आहेत. ते छायाचित्र मिक रॉक यांचे. आणि मिक रॉक यांना ते सुचले मार्लीन डीट्रिखच्या एका छायाचित्रावरून, १९३२ च्या 'शांघाय एक्स्प्रेस'च्या वेळच्या. म्हणजे चार तासांच्या कामामागे चाळीस वर्षांचे पाहणे होते. आता यादीतले कलम म्हणेल, 'संदर्भ पेरला, गुण द्या'. परंतु इथे काही पेरलेले नाही. वरून येणारा प्रकाश, छातीवर दुमडलेले हात, वर उचललेला चेहरा. एका नटीच्या एकाकी तेजातून चौघांचा जणू एक गायक-देह झाला. उसने घेतलेली वस्तू घरात अशी रुळावी लागते की, शेजाऱ्याने ती परत मागू नये.

दुसरे संशोधन गाण्याचे. याविषयी वह्यांतून सर्वांत कमी लिहिलेले असे, आणि मला बोलायचे आहे ते सर्वांत जास्त याच्याविषयी.

गाण्याचा वेग मिनिटाला १२० ठोके आहे असे धरा. म्हणजे एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. इंग्लंडात चित्रफीत सेकंदाला २५ चौकटींनी चालते. तेव्हा एका ठोक्याला साडेबारा चौकटी आल्या. अर्धी चौकट कापता येत नाही! म्हणून प्रत्येक ठोक्यावर तोडायला गेलेला विद्यार्थी एकदा बारावर तोडतो, एकदा तेरावर, आणि का कोण जाणे दृश्य अडखळते म्हणून डोके खाजवतो. चार ठोक्यांचे आवर्तन मात्र बरोबर पन्नास चौकटींचे; तिथे तोडले तर काटा बसतो. गाणे मिनिटाला १२५ ठोक्यांचे असेल तर एक ठोका नेमका बारा चौकटींचा, आणि १०० ठोक्यांचे असेल तर पंधराचा. हा हिशेब करायला पाटी-पेन्सिल पुरते. पण तो केला की, कागदावर गाण्याचे शरीर दिसू लागते: कुठे श्वास, कुठे सांधा, कुठे वाद्ये गप्प होतात.

आणि हिशेब कळला म्हणजे तो मोडताही येतो. प्रत्येक ठोक्यावर दृश्य बदलणारा गीतपट मला प्रत्येक मात्रेवर मान हलवणाऱ्या श्रोत्यासारखा वाटतो. जाणकार समेची वाट पाहतो. कधी कधी तर गवई समेला हूल देऊन पुढे निघतो, आणि तेव्हाच दाद जाते. दृश्य तोडण्याचेही तसेच आहे. पण हूल देण्यासाठी सम कुठे आहे हे आधी पक्के ठाऊक हवे.

या प्रकारच्या आखणीचा माझ्या माहितीतला सर्वांत आनंददायक नमुना फ्रेंच दिग्दर्शक मिशेल गाँद्री यांचा आहे. 'केमिकल ब्रदर्स'च्या 'स्टार गिटार' या गाण्यासाठी २००२ साली त्यांनी जो गीतपट केला, त्यात माणूस जवळजवळ नाहीच. आगगाडीच्या खिडकीतून बाहेर पाहत आपण बसलेलो आहोत, एवढेच. खांब, पूल, गोदामे, स्टेशने मागे सरकतात. थोड्या वेळाने ध्यानात येते की, खांब ठोक्यावर येत आहेत. एक विशिष्ट सूर आला की विशिष्ट इमारत येते. सूर थांबला की ती जाते. फ्रान्समधल्या नीम आणि व्हालाँस यांच्या दरम्यानचा तो लोहमार्ग. दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी पुनःपुन्हा त्याचे चित्रण केले आणि मग संगणकावर दृश्ये एकात एक गुंफली. पण त्याआधी गाँद्री यांनी काय केले? घरातली संत्री, काटेचमचे, पेले, पुस्तके, ध्वनिफिती घेतल्या आणि त्या जमिनीवर ओळीने मांडल्या: हा ठोका म्हणजे संत्रे, हा सूर म्हणजे काटा. गाण्याचा आलेख त्यांनी स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी काढला! दिवाळीत दारापुढे ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या कोणाही मुलीला ही आखणी क्षणात समजेल. आधी ठिपके, मग रेषा. आणि रंग सगळ्यांत शेवटी.

या आखणीला एक पैसा खर्च नाही, हे मुद्दाम सांगतो; कारण 'आमच्याजवळ साधने नव्हती' ही तक्रार मुलांच्या परीक्षणात वारंवार येते. १९६५ साली लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलाशेजारच्या एका बोळात बॉब डिलन उभे राहिले आणि गाण्यातले शब्द लिहिलेले मोठाले पुठ्ठे एकेक करून खाली टाकत गेले. ते गातही नाहीत, ओठही हलवत नाहीत. चित्रण डी. ए. पेनेबेकर यांचे. पाहणाऱ्याला वाटते, सुचले आणि करून टाकले. तसे नाही. पुठ्ठे डिलन यांनी आणि ॲलन गिन्झबर्ग, डोनोव्हन अशा मित्रांनी बसून लिहिले होते, आणि त्यांतल्या काही शब्दांत मुद्दाम गमती नि चुका केलेल्या होत्या. हेच दृश्य त्यांनी एका बागेत आणि एका गच्चीवरही चित्रित केले. तिन्हींत निवड झाली ती त्या बोळाची. जागा हिंडून पाहण्याचा खरा अर्थ हा. बागेत पुठ्ठे नुसते पुठ्ठे राहतात. बोळात, दोन भिंतींच्या मध्ये, ते एखाद्या पत्रकबाजाच्या घाईचे होतात. वहीत मात्र जागेच्या पाहणीच्या पानावर बहुधा पार्किंगची सोय आणि पायऱ्या निसरड्या असल्याची सूचना असते. तीही हवी. पण ही जागा गाण्याला काय करते, हा रकाना छापलेल्या तक्त्यात नसतो.

विद्यार्थिदशेतले काम पुढे कुठवर जाते याचाही एक दाखला आहे. मायकेल पॅटर्सन या तरुणाने कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्समध्ये शिकत असताना पेन्सिलीच्या हलत्या रेषांचा 'कम्यूटर' नावाचा एक छोटा चित्रपट केला. ती थरथरती रेषा एका ध्वनिमुद्रण कंपनीच्या अधिकाऱ्याच्या नजरेत भरली. त्याच वेळी 'आ-हा' या नॉर्वेच्या वाद्यवृंदाचे 'टेक ऑन मी' हे गाणे अडून पडले होते. त्याचा एक गीतपट निघाला होता, पण त्याने काही साधले नव्हते. १९८५ साली दिग्दर्शक स्टीव्ह बॅरन यांनी दुसरा केला. त्यासाठी पॅटर्सन आणि कँडेस रेकिंजर यांनी चित्रित चौकटींवरून सुमारे तीन हजार रेखाचित्रे काढली. सोळा आठवडे लागले. व्यंगचित्राच्या पुस्तकातला तरुण हात बाहेर काढून एका मुलीला आत ओढून घेतो, ही ती कथा. त्या वर्षी ते गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. शाळकरी वहीत जे रेखाचित्र 'नुसता आराखडा' म्हणून असते, तेच इथे अंतिम कलाकृती झाले. पॅटर्सन यांनी विद्यार्थी असताना प्रश्नावली वाटली असती, तर 'पेन्सिलीची रेषा आवडते' असे किती जणांनी लिहिले असते?

आपल्याकडे गाण्याचे चित्रीकरण हा विषय परका नाही. किंबहुना जगाला या बाबतीत आपण दोन गोष्टी सांगू शकतो. गुरुदत्त अल्मोड्याला उदय शंकर यांच्या केंद्रात नृत्य शिकले आणि १९४४ साली पुण्याला 'प्रभात'मध्ये आले. ते नृत्यदिग्दर्शनाकडून चित्रपटाकडे आले, ही गोष्ट त्यांच्या प्रत्येक गाण्यात दिसते. १९५९ च्या 'कागज के फूल'मधले गीता दत्त यांच्या आवाजातले ते गीत आठवा. रिकामा स्टुडिओ, वरून तिरपा उतरलेला प्रकाशाचा झोत, दोन माणसे दूर उभी. दोघांपैकी कोणीही गात नाही, ओठ मिटलेले. शब्द कोणाच्या मनातले आहेत हे सांगायची गरजच उरत नाही. तो झोत व्ही. के. मूर्ती यांनी आरशांच्या साहाय्याने बाहेरचे ऊन आत घेऊन साधला. केवढा मोठा स्टुडिओ, सिनेमास्कोपचा पडदा, आणि शेवटी उपाय कोणता, तर आरसा नि ऊन! लहानपणी वर्गातल्या भिंतीवर कवडसे पाडणाऱ्या मुलांना हे तंत्र नवे नाही. ज्या 'प्रभात'मध्ये गुरुदत्तांनी उमेदवारी केली, त्याच जागेत १९६० साली सरकारने चित्रपट शिकवणारी संस्था काढली. तिथल्या झाडांखाली मुले आजही वह्या घेऊन बसतात. बाहेर तर गल्लोगल्ली गाणी चित्रित होत आहेत, कोणाच्याही परवानगीवाचून आणि बहुतेक वेळा कोणत्याही वहीवाचून.

वही नसलेल्यांची बाजू मी घेत नाही. फोन घेऊन टेकडीवर जायचे, सूर्य मावळताना मित्राला चालायला लावायचे आणि घरी येऊन त्यावर गाणे बसवायचे, यात उत्साह असतो, पण निवड नसते. दहांतले नऊ गीतपट एकमेकांसारखे दिसतात ते यामुळेच. ज्याने आधी पाहिलेले नसते तो नकळत पाहिलेलेच पुन्हा करतो. म्हणून त्या इंग्लिश परीक्षेने वीस गुण वेगळे काढले हे योग्यच होते. चूक झाली ती क्रमाची. आधी संशोधन, मग आखणी, मग निर्मिती, मग परीक्षण, अशी चार खोल्यांची चाळ बांधली, आणि गाणे ऐकून पहिल्याच वेळी मुलाला जे दिसले होते त्याला त्या चाळीत खोलीच मिळाली नाही. शेवटच्या परीक्षणात प्रश्न असे, तुम्ही रूढ संकेत वापरलेत, वाढवलेत की त्यांना आव्हान दिलेत? प्रश्न चांगला आहे. पण उत्तर लिहिणाऱ्याची सारी वही संकेत गोळा करण्यात गेलेली. तो बिचारा आव्हान कोणत्या तोंडाने देणार? मग 'वापरलेही, वाढवलेही आणि आव्हानही दिले' असे तिन्ही लिहून तो मोकळा होई. मी परीक्षक असतो तर वहीचे पहिले पान कोरे मागितले असते: डोळे मिटून गाणे तीनदा ऐक, आणि काय दिसले ते चार ओळींत लिही. पुढच्या सगळ्या पानांवर मग एकच पाहायचे, त्या चार ओळी टिकल्या की नाही. टिकल्या नसतील तर कोणत्या चांगल्या कारणाने पडल्या.

आखणी पडते ती पुष्कळदा हवेने. 'कोल्डप्ले'च्या 'यलो' या गाण्याचा गीतपट २००० साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, स्टडलंडच्या वाळूत झाला. सगळा वाद्यवृंद त्यात असायचा होता; इतर जण त्या दिवशी येऊ शकले नाहीत आणि हवाही बिघडली. जवळजवळ सारे गळाले. उरला एक गायक, एक किनारा आणि एक सलग शॉट. पण एक गोष्ट आधीच ठरलेली होती आणि ती आयत्या वेळी सुचण्यासारखी नव्हती. चित्रण सेकंदाला ५० चौकटींनी करायचे आणि दाखवायचे २५ नी, म्हणजे लाटा, केस, पावले सारे संथ होणार. आणि तरीही ओठ गाण्याशी जुळायला हवेत, म्हणून किनाऱ्यावर गाणे दुप्पट वेगाने वाजवायचे. पडद्यावर आपण पाहतो तो स्वप्नात चालल्यासारखा निवांत तरुण. प्रत्यक्षात त्या पावसाळी हवेत, ओल्या वाळूतून झपाझप चालत, तो दुप्पट वेगाने ओठ हलवत होता.